हिंदूराव सरांचं वय

मुनिरका, नवी दिल्ली
गुरुवार, २३ फेब्रुवारी २००६

ती. शांतारामकाका आणि सौ. राधाकाकू यांना स्वरूपाचा नमस्कार.

काका, पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंत, "हिंदूराव सरांचं वय काय असेल गं? मी म्हणतो सत्तर, तुझी काकू म्हणते पंचाहत्तर." पत्र सोमवारी आलं, आज गुरुवार आहे. या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही, हे आधीच सांगते आणि बाकीच्या गोष्टींकडे वळते.

तिकडे इंदूरला अहिल्याताई आणि बाळ खुशाल आहेत हे वाचून फार आनंद झाला. बाळाचं नाक तुमच्यावर गेलंय असं तुम्ही लिहिलंय आणि त्याच ओळीच्या कडेला काकूंनी पेन्सिलीने 'नाही' लिहिलंय. माझ्या खोलीतल्या शिवांगीला दाखवलं तर ती म्हणाली, "खोलीभाड्यात एवढी करमणूक नाही मिळत." तिचा गेल्या जुलैतला टायफॉइड कधीच गेला. भूक मात्र दुप्पट झाली आहे.

वसुंधरामधलं तुमचं बंद घर ठीक आहे. ठीक आहे म्हणजे आता ठीक आहे. दर मंगळवारी माझा क्लास नसतो म्हणून मी झाडांना पाणी घालायला जाते, तशी या मंगळवारीही गेले होते. पण काल बुधवारी सकाळीच सोसायटीचे सेक्रेटरी हरिदासजी यांचा फोन आला. "बेटा, आपके फ्लैट का पानी सीढ़ियों से उतर रहा है. बाकी सब ठीक है." मी बस पकडून आनंद विहार आणि तिथून शेअर ऑटोने धावत पोचले. संडासाच्या टाकीचा फ्लोट अडकला होता. हरिदासजी जिन्यात उभे राहून मला सोसायटीच्या नियमावलीतलं पाणीगळतीचं कलम वाचून दाखवत होते आणि पाणी त्यांच्या चपलांखालून दुसऱ्या मजल्यावर चाललं होतं. प्लंबर आला, फ्लोट बदलला. तुमच्या फायली वरच्या फळीवर होत्या, कोरड्या आहेत. कढीपत्त्याला नवी पालवी आली आहे.

जाता-येता रस्त्यात विशेष काही पाहिलं नाही.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू आहे. गेल्या आठवड्याच्या सराव परीक्षेत माझं उत्तर सरांनी, म्हणजे आमच्या क्लासच्या सरांनी, वर्गात वाचून दाखवलं. आबांचाही फोन आला होता. कारखान्याचा हंगाम एप्रिलपर्यंत चालेल म्हणाले, ऊस भरपूर आहे.

शिवांगी जेवायला बोलावते आहे. उद्या पुरं करते.

शुक्रवार दुपार

काका, काल लिहिलेलं वाचून पाहिलं. त्यात एक वाक्य खोटं आहे. रस्त्यात मी पाहिलं. बुधवारी सकाळी सव्वादहाला सुकीर्ती रबर कारखान्याच्या चिमणीतून धूर निघताना मी पाहिला.

आता क्रमाने सांगते. तुम्ही म्हणता ना, सरकारी फायलीवर नोटिंग लिहिताना मागचे संदर्भ आधी द्यावेत.

हिंदूराव सर म्हणजे मी आहे.

ही ओळ लिहून मी पेन खाली ठेवलं आणि गच्चीवर चार फेऱ्या मारून आले. शिवांगी म्हणाली, "प्रेमपत्राला एवढा वेळ लागत नाही गं." तिला सगळं माहीत आहे. तिच्यामुळेच तर नाव मिळालं. गेल्या जुलैत तुम्ही मला शेअरवाल्यांचा इंटरनेटवरचा तो मेसेज बोर्ड दाखवलात. अर्थशास्त्र पुस्तकातून कळत नाही, लोकांच्या भांडणांतून कळतं, म्हणालात. दुसऱ्या दिवशी मी इथल्या सायबर कॅफेत बसले. खातं उघडायला नाव हवं होतं. हातात शिवांगीचा हिंदूराव हॉस्पिटलचा केसपेपर होता. 'राव' असलेलं नाव वजनदार वाटलं, टाकून दिलं.

पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मला एकच पद्धत येत होती, क्लासमध्ये शिकवलेली. आधी प्रस्तावना, मग एक बाजू, मग दुसरी बाजू, शेवटी समतोल निष्कर्ष. तिथे तर लोक 'रॉकेट है भाई' आणि 'चोर कंपनी' एवढंच लिहीत होते. त्यांच्यात माझा तो निबंध पडला आणि तासाभरात कुणीतरी विचारलं, "सर, आप कौन सी मिनिस्ट्री से रिटायर हुए?" काय उत्तर द्यावं कळेना म्हणून गप्प राहिले. त्या गप्प राहण्यातून सर जन्माला आले. पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण पुढचं सगळं तुमच्या फायलीत आहे.

काका, ते रविवार मला फार आवडायचे. मी जेवायला यायची आणि तुम्ही छापलेली पानं हिरव्या टॅगमध्ये ओवत मोठ्याने वाचायचात. समासात तुमची लाल शाई, 'पाहिले. सहमत. शां.' आणि मग मला म्हणायचात, "बघ पोरी, याला लेखन म्हणतात. चाळीस वर्षं फायलींत मुरल्याशिवाय असं वाक्य येत नाही. तू अजून अघळपघळ लिहितेस." काकू म्हणायच्या, "तिला जेवू द्या. सर काही उपाशी बसलेले नाहीत." आणि सर तेव्हा चौथ्या पुरीवर असायचे.

सांगायला हवं होतं. दोनदा तोंडापर्यंत आलं होतं. पण आमच्या घरात मी लिहिलेलं वाचणारं कुणी नव्हतं. आबा माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करायचे, ती त्यांना पूर्ण येते, पण वरचं काही वाचायचे नाहीत. आईला तर माझी वही म्हणजे देव्हाऱ्याजवळ ठेवायची वस्तू वाटते. माझं वाक्य कुणी दोनदा वाचतंय, त्याखाली रेघ मारतंय, हे मी पहिल्यांदा तुमच्या जेवणाच्या टेबलावर पाहिलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही कौतुकच केलं असतं, पण 'वा, छान हं' असं, पोरीचं करतात तसं. फाईल बंद झाली असती. मला फाईल हवी होती.

आता सुकीर्ती रबर.

बोर्डावर तो 'तूफान' नावाचा माणूस गेले चार महिने काय लिहितो ते तुम्ही वाचलंच आहे. इंदिरापुरम, वसुंधरा, गुडगाव, जिकडेतिकडे नवे फ्लॅट. जितके फ्लॅट तितकी स्वयंपाकघरं, जितकी स्वयंपाकघरं तितके कुकर, आणि प्रत्येक कुकरला दर वर्षी नवी रिंग. म्हणून कुकरच्या रिंगा करणारी सुकीर्ती दहापट वाढणार, तीन मशीनं तीन पाळ्यांत चालू आहेत, वगैरे. सरांनी त्याला नीट उत्तर दिलं होतं, की फ्लॅट विकले गेले म्हणजे राहायला लोक आले असं नाही, आणि एका ओळखीच्या घरात एकच रिंग अकरा वर्षं टिकली आहे. ते घर काकूंचं. ते बरोबरच होतं. तिथे थांबायला हवं होतं.

पण सरांना वाटलं, स्वतः जाऊन पाहावं. कारखाना तुमच्या घराच्या वाटेवरच आहे, पण रविवारी जेवायला येताना मी कधी तिकडे पाहिलं नव्हतं. मंगळवारी झाडांना पाणी घालायला जाताना मी ऑटोतून उतरले. फाटकाला कुलूप, चिमणी थंड, आवाराबाहेर एक माणूस नाही. समोरची चहाची टपरीसुद्धा ताडपत्रीने बांधलेली. एकदा पाहून लिहिणं बरं नव्हे, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. तेच. तिसऱ्यांदा गेले. तेच. चोवीस जानेवारी, एकतीस जानेवारी, सात फेब्रुवारी. तिन्ही तारखा मी बोर्डावर लिहिल्या आणि शेवटी लिहिलं, "कारखाना बंद आहे." बंद दिसतो असंही नाही. आहे.

तुमच्यासमोर भिंतीवर कॅलेंडर असेल तर या तारखा पाहा. तिन्ही मंगळवार आहेत.

काका, तुम्ही हसाल, पण कारखान्याला आठवड्याची सुट्टी असते हे मला माहीतच नव्हतं. आमच्या नेवाशाकडे कारखाना म्हणजे साखरेचा. तो पेटला की पाच-सहा महिने रात्रंदिवस चालतो, गव्हाणीत ऊस पडायचा थांबत नाही, आबा दिवाळीनंतर जे पाळीला जातात ते उन्हाळ्यापर्यंत. आणि चिमणी थंड झाली की थंड, मग गेटवर कुत्रंसुद्धा दिसत नाही. थंड चिमणी म्हणजे बंद कारखाना, हे मी चालायला लागले तेव्हापासून पाहत आले. करोल बाग सोमवारी बंद असतो हे मला ठाऊक आहे, दोनदा हेलपाटा पडला आहे. पण दुकानांना असते तशी सुट्टी धुराड्यालाही असेल हे डोक्यात आलं नाही.

तुम्हाला नुसतं विचारलं असतं तरी तुम्ही सांगितलं असतं. सहा वर्षं तुम्ही चार्टर्ड बसच्या खिडकीतून तो धूर पाहत ऑफिसला गेलात, आणि त्या धुराच्या भरवशावर शेअर घेतलेत. पण तुम्हाला विचारायचं तर का विचारते हे सांगावं लागलं असतं.

त्याऐवजी मी काय केलं? तुम्ही बजावून गेला होतात, "सरांचं नवीन काही आलं की छापून पाठव." तर तुमच्याच कॉम्प्युटरवर छापलं, तुमच्याच पाकिटात घातलं आणि इंदूरला पाठवलं. आणि सोमवारी तुमचं पत्र आलं, "सरांनी स्वतः तीनदा जाऊन पाहिलं, तिथे माझ्या सहा वर्षांच्या पाहण्याला काय किंमत. ब्रोकरला फोन करून सगळे विकून टाकले."

मग बुधवारी तुमच्या टाकीचा फ्लोट अडकला आणि तुम्ही इंदूरला गेल्यापासून मी पहिल्यांदाच मंगळवार सोडून दुसऱ्या वारी तिकडे गेले. चिमणीतून धूर, फाटकात टेम्पो, टपरीवर गर्दी, आणि रबराचा असा वास की ऑटोवाल्याने मफलर नाकावर ओढला. परत येताना टपरीवाल्याला विचारलं. तो कप विसळता विसळता म्हणाला, "मंगल को तो पूरा इंडस्ट्रियल एरिया बंद रहता है, मैडम. आप नई आई हैं?"

गंमत म्हणजे माझ्या त्या लिखाणावर बोर्डावर दोनशेहून जास्त लोक भांडले. तूफानच्या बाजूचे म्हणाले सर विकले गेले, विरोधातले म्हणाले सरांनी डोळे उघडले. दोघांपैकी एकानेही वार पाहिला नाही. कारण कारखाना त्यांच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. पाहिला होता तुम्ही, आणि तुम्ही सरांवर विश्वास ठेवलात.

खरं सांगायचं तर परवा संध्याकाळी मनात आलं, सरांनी गप्प बसावं. बोर्डावरची माणसं आठवड्यात विसरतात. सर आजारी पडले असतील, मुलाकडे अमेरिकेला गेले असतील. तुम्हीही दोन-तीन वेळा विचाराल आणि मग विचारायचे थांबाल. कुणाला काही कळलं नसतं.

इथे थांबते. उद्या एक काम आहे.

शनिवार, २५ फेब्रुवारी, दुपार

काका, आज फाटकाच्या आत जाऊन आले.

चौकीदाराने विचारलं, कोण पाहिजे. मी म्हटलं मालक. त्याने रजिस्टर पुढे केलं, मी नाव लिहिलं, कामाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना म्हणून 'माफी' लिहिलं. त्याने वाचलं आणि आत सोडलं.

मालक सब्बरवाल तुमच्याच वयाचे आहेत. स्वेटरवर रबराची पांढरी पूड. टेबलावर रिंगांचा ढीग, आणि मागच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावलेलं एक छापील पान. मी ते दारातूनच ओळखलं. माझंच होतं.

"इन्व्हेस्टर हैं आप?"

"नहीं."

"कितने शेअर हैं?"

"एक भी नहीं."

"तो फिर मेरे पास क्यों आई हैं, बेटा?"

मी भिंतीकडे बोट केलं. ते वळून बघत म्हणाले, "अच्छा, ये. ये कोई रिटायर्ड अफसर हैं, हिंदूराव साहब. बड़े काबिल आदमी. तीन बार आए, अंदर एक बार भी नहीं आए."

काका, माझ्या लेखनावर आजवर झालेली सगळ्यात खरी टीका हीच. मी म्हटलं, "सर, आज आ गई हूँ."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरच्या क्लासच्या पिशवीकडे पाहिलं. मग खुर्चीत मागे रेलून असे हसले की दारातून दोघं डोकावले. "ओए मिश्रा, चाय ला. अफसर साहब आए हैं."

पण हसणं संपल्यावर त्यांनी मला नीट सांगितलं. ते पान फिरल्यावर कच्चं रबर देणाऱ्याने आधी रोख मागायला सुरुवात केली. कामावरच्या बायका विचारू लागल्या, होळीनंतर यायचं की नाही. त्यांनी मला आत नेलं. दोन प्रेस दणदणत होत्या, साच्यांतून लाल आणि काळ्या रिंगा निघत होत्या, गरम, वाफाळत्या. लांब बाकावर पंधरा-वीस बायका छोट्या कात्रीने रिंगांच्या कडा साफ करत बसल्या होत्या. सब्बरवालांनी सांगितलं, फॅक्टरी बंद आहे असं लिहिणारी हीच ती. एक म्हातारी कात्री न थांबवता म्हणाली, "मंगल को तो मैं भी बंद रहती हूँ, बिटिया. मेरे बारे में भी लिख दे." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र त्या वासाने आलं असं मी सांगितलं.

कोपऱ्यात तिसरं मशीन होतं. निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, अजून पायावर बसवलेलंही नाही. बोर्डावर तूफान ज्याच्या तीन पाळ्या चालवतो, तेच.

निघताना ते म्हणाले, "अब लिख देना कि फैक्टरी ज़िंदा है."

मी म्हटलं, "लिखूँगी. ये भी लिखूँगी कि तीसरी मशीन अभी प्लास्टिक में है."

त्यांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "लिखो. है तो है." आणि माझ्या हातात एक रिंग ठेवली, पाच लिटरची. "आपके अंकल के कुकर के लिए." तुमच्याबद्दल मी त्यांना सांगितलं होतं, बसच्या खिडकीबद्दल. ते म्हणाले, "ऐसा शेअरहोल्डर तो मैंने देखा ही नहीं." रिंग काकूंच्या ओट्यावर ठेवेन. ही बारा वर्षं टिकते का ते काकूंनी पाहावं.

तुमचे शेअर माझ्यामुळे गेले. भाव त्या आठवड्यात अठ्ठेचाळीसवरून एकतीसवर आला, तुम्ही त्याच्या आसपास कुठेतरी विकले असाल. ती भरपाई मला आज करता येत नाही. परत घ्यायचे का, हेही मी सांगणार नाही. सरांना तर आता कुणाला काही सांगायचा अधिकार उरला नाही. इंदूरहून आलात की एखाद्या बुधवारी तुम्ही पुन्हा त्या रस्त्याने जा, खिडकीतून पाहा आणि तुमचं तुम्ही ठरवा. मला बरोबर नेलंत तर आवडेल. रागावला असाल तर एकटे जा.

आबांना काल रात्री मी फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गव्हाणीवरच्या माणसाला विचारल्याशिवाय कारखाना बंद म्हणू नये, एवढंसुद्धा कळू नये?" आणि मग, "तुझं लिहिलेलं एवढी माणसं वाचतात होय?" आवाजावरून मला वाटलं, ते हसत होते.

हे पत्र आधी तुम्हाला पाठवावं आणि तुमच्या उत्तराची वाट पाहावी, असं मी ठरवलं होतं. पण तुम्ही काय लिहाल ते मला माहीत आहे. "राहू दे पोरी, झालं ते झालं, तुझ्या परीक्षेचं बघ." आणि मी राहू दिलं असतं. म्हणून कारखान्यातून थेट सायबर कॅफेत गेले. या वेळी प्रस्तावना लिहिली नाही, दोन्ही बाजूही लिहिल्या नाहीत. लिहिलं की मी तीन मंगळवारी गेले होते आणि मंगळवार तिथला सुट्टीचा वार आहे, कारखाना चालू आहे, चूक माझी आहे. दोन प्रेस चालतात, तिसरं मशीन बसवलेलं नाही. मी कुठल्याही मिनिस्ट्रीतून निवृत्त झालेले नाही, कुणाकडून पैसे घेतलेले नाहीत, माझ्याकडे एकही शेअर नाही. खाली माझं नाव, गाव आणि वय लिहिलं. तीन वाजून दहा मिनिटांनी ते बोर्डावर चढलं. खाली उत्तरं यायला लागली होती, ती न वाचता उठले, बाहेरच्या बाकावर बसून हे पुरं केलं. समोरच टपालपेटी आहे.

नेहमीप्रमाणे सरांचं नवीन लेखन छापून सोबत जोडलं आहे. एकच पान आहे आणि ते शेवटचं आहे. फायलीत लावायचं की नाही ते तुम्ही ठरवा. लावलंत तर समासात लगेच 'सहमत' लिहू नका. आधी वार पाहा. आज शनिवार आहे.

बाळाला माझा गोड पापा. काकूंना सांगा, दोघांचेही अंदाज चुकले.

तुमची
स्वरूपा हणमंत शेटे
मु. पो. नेवासा
वय वर्षे चोवीस